आईचा ड्रॉप्सचा कागद

बाबांचा उजवा डोळा गेला त्याला आता चार वर्षं होतील. लिहीन लिहीन म्हणत होते पण केस चालू होती तेव्हा वकील म्हणाले होते की कुठेही काही लिहू नका, आणि केस संपली तेव्हा लिहायला बसलं की हातच चालायचा नाही. आता लिहायला बसलेय कारण गेल्या महिन्याभरात दोन जणांनी मला विचारलं की ऑपरेशननंतर घरच्या माणसाची नजर गेलीय, हॉस्पिटलवर केस करायचीय, सुरुवात कुठून करू. दोघांशीही तासतासभर बोलले आणि दोन्ही वेळा फोन ठेवल्यावर वाटलं, खरी गोष्ट सांगायची राहिलीच.

ती खरी गोष्ट म्हणजे एक कागद आहे. डिस्चार्जच्या वेळी मिळालेला ड्रॉप्सचा तक्ता, कुठला थेंब किती वाजता, उभेआडवे चौकोन, थेंब घातला की आई त्या चौकोनात खूण करायची. तिला कुठलंही काम असं खुणा करत करायची सवय आहे. त्या कागदाची मागची बाजू कोरी होती आणि तिथे तिने निळ्या पेनाने सात ओळी लिहिल्या होत्या. पुरावा म्हणून वगैरे नाही, मी घरी आले की मला सगळं नीट सांगता यावं म्हणून. एका ओळीवर औषधाचा थेंब पडून शाई पसरलीय. त्या सात ओळी नसत्या तर आमच्याकडे काहीच नव्हतं हे मला दीड वर्षाने कळलं.

आधी काय झालं ते सांगते. मंगळवारी सकाळी बाबांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, लेन्स टाकली, सगळं वेळेत. बुधवारी पट्टी काढली आणि बाबांनी समोरच्या तक्त्यावरची खालून दुसरी ओळ वाचली. घरी येताना गाडीत ते मला रस्त्यावरच्या पाट्या वाचून दाखवत होते, इतके खूश होते. गुरुवारी दुपारपर्यंत ठीक. संध्याकाळी डोळा दुखायला लागला.

आता इथे एक गोष्ट नीट समजून घ्या कारण आम्हाला ती कुणी सांगितली नव्हती. ऑपरेशननंतर डोळ्यात थोडं खुपणं, पाणी येणं, उजेड सहन न होणं हे होतंच, पण ते रोज थोडं थोडं कमी व्हायला पाहिजे. एकदा बरं वाटून, चांगलं दिसून मग परत बिघडायला लागलं, दुखणं वाढलं, लाली वाढली, पापणी सुजली आणि मुख्य म्हणजे कालच्यापेक्षा आज कमी दिसतंय असं झालं तर तासभरही थांबायचं नाही. डोळ्याच्या आत जंतू गेले की एन्डॉफ्थॅल्मायटिस होतो, साध्या भाषेत डोळ्याच्या आत पू होतो, आणि तो दिवसांत नाही तर तासांत वाढतो. आणि दुखायलाच पाहिजे असंही नाही. अमेरिकेत यावर ४२० पेशंटचा एक मोठा अभ्यास झाला होता, त्याचे निष्कर्ष १९९५ मध्ये आले, त्यात साधारण चौथ्या हिश्श्याच्या पेशंटना दुखतच नव्हतं. नजर मात्र जवळजवळ सगळ्यांची कमी झाली होती. म्हणजे दुखण्यापेक्षा नजरेकडे लक्ष ठेवायचं.

आता आईच्या ओळी. जशाच्या तशा उतरवते.

गुरु. सं. ७.१० फोन केला. दुखतंय, धूसर दिसतंय सांगितलं. थोडं होतं म्हणाले, गोळी द्या, ड्रॉप्स चालू ठेवा, सोमवारी दाखवायचंच आहे.

रात्री ९.३०. हाताची बोटं दाखवली. ३ दाखवली, ३ म्हणाले. परत २, बरोबर.

रात्री झोप नाही.

शुक्र. सकाळी ६. बोटं कळत नाहीत. हात हलवला तर हलतोय म्हणतात.

८.४० फोन. डॉक्टर ऑपरेशनमध्ये आहेत, दुपारी फोन येईल.

दु. ३ फोन आला नाही. पापणी सुजली, डोळा उघडत नाही.

४. बॅटरी मारली. उजेड कळतो फक्त.

बस एवढंच. पाच वाजता मी पोचले, अपॉइंटमेंट वगैरे न बघता त्यांना उचलून घेऊन गेले, तिथून दुसऱ्या मोठ्या हॉस्पिटलला पाठवलं, रात्री डोळ्याच्या आतलं पाणी तपासायला काढलं, आत अँटिबायोटिकची इंजेक्शनं दिली आणि त्याच रात्री व्हिट्रेक्टॉमी केली म्हणजे डोळ्याच्या आतला सगळा दूषित जेलीसारखा भाग काढून टाकला. तिथल्या डॉक्टरांनी जीव तोडून प्रयत्न केले, हे मी कायम सांगत राहीन. पण पडदा गेला होता. पुढच्या काही महिन्यांत उजेडही कळेनासा झाला आणि डोळा हळूहळू आक्रसत गेला.

पहिले सहा महिने मी नुसती रागात होते. मला वाटायचं ऑपरेशन घाणेरड्या खोलीत केलं असेल, हात धुतले नसतील, हत्यारं नीट उकळली नसतील, आणि आमची केस म्हणजे हीच. वकिलांकडे गेले तेव्हाही मी हेच बोलत होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले आधी सगळी कागदपत्रं मागवा, नंतर राग. तेव्हा मला त्यांचाही राग आला होता.

कागदपत्रं म्हणजे नुसतं डिस्चार्ज कार्ड नाही हं. पूर्ण केस पेपर, ऑपरेशन नोट, सही केलेला संमतीचा फॉर्म, लेन्सचा स्टिकर, नर्सच्या नोंदी, आणि आमच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचं निघालं ते म्हणजे फोनचं रजिस्टर. लेखी अर्ज करून मागवा, अर्जाची पोच घ्या, तारीख टाकून घ्या, आणि लवकर मागवा, पेशंट अजून उपचार घेतोय म्हणून थांबू नका. दावा करायला मुदत असते, ती प्रत्येक देशात वेगळी, कधी घटना घडली तेव्हापासून मोजतात कधी तुम्हाला कळलं तेव्हापासून, आणि ती संपली की तुमची बाजू कितीही खरी असली तरी दार बंद. म्हणून तुमच्याकडे ती किती आहे हे पहिल्याच आठवड्यात विचारा.

कागद आले. आणि माझी अर्धी केस तिथेच संपली. ऑपरेशनमध्ये काही चूक नव्हती. सुरुवातीला डोळ्यात आणि पापण्यांवर आयोडीन घातल्याची नोंद होती, शेवटी डोळ्याच्या आत अँटिबायोटिक दिल्याची नोंद होती, वेळांसकट. हे शेवटचं इंजेक्शन किती महत्त्वाचं आहे ते मला नंतर वाचून कळलं, युरोपातल्या मोतीबिंदू सर्जनांच्या संघटनेने केलेला मोठा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात ते दिलेल्या पेशंटमध्ये इन्फेक्शनचं प्रमाण साधारण पाचपटीने कमी दिसलं होतं. म्हणजे त्यांनी करायचं ते केलं होतं. तरीही इन्फेक्शन होऊ शकतं, हजारात एखाद्याला, बऱ्याच ठिकाणी त्याहूनही कमी, आणि बहुतेक वेळा जंतू येतात ते पेशंटच्याच पापण्यांवरचे. हे स्वीकारायला मला फार त्रास झाला. ज्या माणसावर मी सहा महिने मनातल्या मनात आरोप करत होते त्याने ते काम नीट केलं होतं. खोटं कशाला बोलू.

वाईट झालं म्हणजे कुणीतरी चुकलंच असं नसतं हे वाक्य मला कुणी तोंडावर सांगितलं असतं तर मी उठून गेले असते. पण या सगळ्यात मला एक बाई भेटल्या, त्यांच्या मिस्टरांचं मणक्याचं ऑपरेशन झालं होतं, खूप लांबलेलं, आणि ते जागे झाले तेव्हा दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं. डोळ्याला कुणी हातही लावला नव्हता! त्यांना पहिल्यांदा सगळ्यांनी सांगितलं की पालथं झोपवल्यावर डोळ्यावर दाब आला असणार, कुणाचं तरी लक्ष नव्हतं. पण असं झालेल्या पेशंटची नोंद अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने १९९९ पासून ठेवायला सुरुवात केली आणि २००६ मध्ये मणक्याच्या ऑपरेशननंतरच्या ९३ केसेस तपासून मांडल्या, त्यातल्या ८३ मध्ये डोळ्यावरचा दाब हे कारण नव्हतं, डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या दृष्टीच्या नसेचाच रक्तपुरवठा कमी पडला होता, आणि जवळजवळ सगळ्यांमध्ये एकतर भूल सहा तास किंवा जास्त चालली होती नाहीतर एक लिटर किंवा जास्त रक्त गेलं होतं. मग त्या बाईंचा प्रश्न बदलला. कुणी दाब दिला हा प्रश्न राहिला नाही, एवढं लांब ऑपरेशन आहे, नजर जाण्याचा धोका आहे हे आम्हाला आधी का नाही सांगितलं, हा झाला. दावा करताना प्रश्न बरोबर असणं किती महत्त्वाचं आहे ते मी त्यांच्याकडे बघून शिकले.

आमचाही प्रश्न बदलला. इन्फेक्शन का झालं हा नाही. गुरुवारी संध्याकाळी ७.१० ला एक बाई सांगतेय की परवा ऑपरेशन झालेल्या माणसाचा डोळा दुखतोय आणि धूसर दिसतंय, तर त्याच रात्री त्याला का नाही बोलावलं, हा.

आणि मग त्या फोन रजिस्टरची झेरॉक्स आली. गुरुवारच्या तारखेपुढे, बाबांच्या नावासमोर, एवढंच लिहिलेलं: ड्रॉप्सबद्दल शंका, समजावून सांगितलं.

मी ती ओळ किती वेळा वाचली असेन. दुखतंय नाही, धूसर नाही, काही नाही. फोन घेणाऱ्या माणसाने मुद्दाम खोटं लिहिलं असं मला आजही वाटत नाही, त्याने जे ऐकलं ते त्याच्या रोजच्या सवयीने ऐकलं, दिवसाला वीस फोन थेंबांबद्दलचे येत असतील, हा एकविसावा. पण सरकारी दप्तरात म्हणा कोर्टात म्हणा, जे लिहिलंय तेच घडलं असं धरून चालतात. आई फोनवर काय बोलली ते हवेत विरून गेलं आणि त्याने काय लिहिलं ते राहिलं. समोर ठेवायला आमच्याकडे फक्त आईचा कागद होता.

याच काळात मी रात्री रात्री बसून जुने निकाल वाचायचे. त्यातला एक मी विसरू शकत नाही. ऑस्ट्रेलियातली केस आहे, रॉजर्स विरुद्ध व्हिटेकर, तिथल्या हाय कोर्टाचा १९९२ चा निकाल. व्हिटेकरबाईंचा उजवा डोळा लहानपणीच, नऊ वर्षांच्या असताना दुखापत होऊन जवळजवळ निकामी झालेला. चाळिशी उलटल्यावर त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की या डोळ्याचं ऑपरेशन केलं तर तो दिसायला बरा होईल आणि थोडी नजरही येईल. १९८४ मध्ये ऑपरेशन झालं. त्यानंतर त्यांच्या चांगल्या, डाव्या डोळ्यात सिम्पथेटिक ऑफ्थॅल्मिया झाला, म्हणजे एका डोळ्याला इजा झाली की शरीर दुसऱ्या डोळ्यावरही उलटतं, आणि तो चांगला डोळाही गेला. उजव्याची नजर आली नाहीच. बाई जवळजवळ पूर्ण आंधळ्या झाल्या. धोका किती होता, तर साधारण १४,००० ऑपरेशनमध्ये एक, त्यांच्या बाबतीत जुन्या दुखापतीमुळे किंचित जास्त. ऑपरेशन व्यवस्थित झालं होतं, त्यात चूक कुणी म्हटलीच नाही. पण कोर्टाने सांगितलं की हा धोका त्यांना आधी सांगायला हवा होता, कारण त्या परत परत विचारत होत्या, त्यांना आपल्या एकुलत्या एक चांगल्या डोळ्याची किती काळजी आहे हे स्पष्ट दिसत होतं. आठ लाखांवर ऑस्ट्रेलियन डॉलरची भरपाई कायम झाली.

पण मला लक्षात राहिलं ते वेगळंच. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्या बाईंनी विचारलं होतं की माझ्या चांगल्या डोळ्यावर काहीतरी झाकण ठेवता येईल का, त्याला काही होऊ नये म्हणून. आणि हॉस्पिटलच्या कागदावर नोंद काय झाली, तर पेशंटला भीती वाटतेय की चुकीच्या डोळ्यावर ऑपरेशन होईल. वाचलं आणि मी लॅपटॉप बंद करून बाल्कनीत जाऊन उभी राहिले. बाईने विचारलं एक, कागदावर उतरलं दुसरंच. आमच्या रजिस्टरची ओळ आणि ही ओळ, यात मला काहीच फरक दिसेना. दोन्हीकडे सांगणारी एक बोलली होती, ऐकणाऱ्याने भलतंच टिपून घेतलं.

कायद्याचं थोडं सांगते, मी वकील नाही, मला जेवढं समजलं तेवढं. दाव्यात मुळात दोन पायऱ्या असतात आणि लोक पहिलीवरच थांबतात. पहिली म्हणजे डॉक्टर किंवा हॉस्पिटल चुकलं का. यात इंग्लंडची १९५७ ची बोलम केस सगळे सांगतात, त्याच कामातल्या जबाबदार डॉक्टरांच्या एखाद्या गटाने हेच केलं असतं तर तो निष्काळजीपणा नाही. नंतर १९९७ मध्ये बोलिथो केसमध्ये तिथल्याच वरच्या न्यायालयाने जोडलं की त्या डॉक्टरांचं मत तर्काला टिकायलाही हवं, नुसतं चार जण तसं म्हणतात म्हणून चालणार नाही. आणि धोका सांगण्याच्या बाबतीत २०१५ च्या माँटगोमेरी केसने तिथे सांगितलं की डॉक्टर लोक सहसा काय सांगतात हे बघायचं नाही, या पेशंटला काय जाणून घ्यावंसं वाटलं असतं ते बघायचं.

दुसरी पायरी जास्त अवघड. चूक झाली हे मान्य, पण त्या चुकीमुळेच नजर गेली का. म्हणजे गुरुवारी रात्री बोलावलं असतं तर डोळा वाचला असता का. समोरच्यांचं म्हणणं होतं की नाही, तपासणीत स्ट्रेप्टोकोकस निघालाय, हा जंतू फार वाईट, या डोळ्याचं काही खरं नव्हतंच, शुक्रवारी काय आणि गुरुवारी काय. आणि हे म्हणणं पोकळ नव्हतं. आमच्या बाजूच्या तज्ज्ञ डॉक्टरांनीही मला सांगितलं की ते पूर्ण चूक नाहीत. जंतूवर खूप अवलंबून असतं.

मग त्यांनी विचारलं, गुरुवारी नजर किती होती हे कुठे आहे का?

कसं असणार. कुणी तपासलंच नाही ना. हीच तर तक्रार आहे. तेव्हा मला कळलं की या प्रकारच्या हलगर्जीपणात केवढा मोठा अन्याय दडलेला आहे, ज्याने बघायला पाहिजे होतं त्याने बघितलं नाही, म्हणून नोंद नाही, आणि नोंद नाही म्हणून तुम्ही किती गमावलं ते सिद्ध करता येत नाही. न बघितल्याचा फायदा न बघणाऱ्यालाच. मी हे वकिलांना चिडून म्हटलं तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं, घरी कुणी काही लिहून ठेवलं होतं का, काहीही, व्हॉट्सॲपसुद्धा चालेल.

मी आईला फोन केला. आई म्हणाली, "अगं तो ड्रॉप्सचा कागद आहे ना, फाइलमध्ये. पाठीमागे लिहिलंय बघ मी काहीबाही."

तज्ज्ञ डॉक्टरांनी तो कागद हातात घेतला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, तुमच्या आई काय करत होत्या तुम्हाला माहितीये? बोटं मोजता येणं, ती येत नसतील तर हात हललेला कळणं, तोही कळत नसेल तर नुसता उजेड कळणं, डोळ्यांचे डॉक्टर खूप कमी झालेली नजर याच पायऱ्यांनी मोजतात. याच क्रमाने. आईने कुठेही न शिकता, घाबरलेली असताना, वेळोवेळी तेच तपासलं होतं आणि पुढे वेळ टाकली होती. गुरुवारी ९.३० ला बोटं. शुक्रवारी ६ ला हात. ४ ला उजेड. तो १९९५ चा अभ्यास मी वर सांगितला ना, त्यात हाच फरक सगळ्यात महत्त्वाचा ठरला होता, हात हलताना दिसत असतानाच जे पेशंट आले त्यांचं बरंच चांगलं झालं, आणि फक्त उजेड कळण्यापर्यंत गेलेल्यांचं बरंच वाईट, त्यांच्यात व्हिट्रेक्टॉमी केली तरी तिघातल्या एकालाच जवळजवळ पूर्ण नजर मिळाली, न केली तर नवातल्या एकाला. बाबा आमच्याच डोळ्यांसमोर वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर आले होते, साडेअठरा तासांत, आणि त्याच्या आधी एक आणि त्या वेळेत एक असे दोन फोन झाले होते.

त्या कागदावर वादही झाला. शाई पसरलेली ओळ पहिलीच आहे, ७.१० आहे की ७.४० आहे यावर समोरच्यांनी बराच वेळ घेतला, जणू अर्ध्या तासाने डोळा वाचणार होता. मोबाईल कंपनीकडून कॉलचा तपशील काढला, ७.१० निघालं, चार मिनिटं बावीस सेकंद. शुक्रवारचा ८.४० चाही निघाला. आई म्हणाली थेंब घालताना हात थरथरत होता म्हणून कागदावर पडला.

हो, आणखी एक. कागद नंतर लिहिलाय असंही सुचवलं गेलं. पण पुढच्या बाजूला खुणा होत्या ना, प्रत्येक थेंबाच्या, शुक्रवारी दुपारी दोनपर्यंत एकही चुकलेला नाही आणि त्यापुढे सगळे चौकोन रिकामे. त्या रिकाम्या चौकोनांकडे बघून कुणी तो मुद्दा परत काढला नाही.

केस निकालापर्यंत गेली नाही. समोरच्यांनी तडजोड केली, रक्कम मिळाली, चूक मान्य न करता, असंच असतं बहुतेक वेळा असं वकील म्हणाले. पैशांबद्दल मी बोलत नाही, ते लागतात, उपचारांना लागले, दुसरा माणूस सोबत लागतो त्याला लागतात, आणि ज्यांनी नजर गमावलीय त्यांनी ते मागण्यात लाजायचं काहीही कारण नाही. पण ज्या दिवशी पत्र आलं त्या दिवशी बाबांनी मला ते मोठ्याने वाचायला लावलं. दीड पान होतं. वाचून झाल्यावर म्हणाले परत वाच. मी परत वाचलं. मग त्यांनी विचारलं, "फोनचं काही लिहिलंय का?"

"नाही बाबा."

"बरं," म्हणाले, आणि हात पुढे करून पत्र घेतलं आणि घडी घातली.

त्यांना तेवढंच हवं होतं. तुमच्या घरून फोन आला होता, आम्ही नीट ऐकलं नाही, एवढी एक ओळ. मला विचाराल तर निम्मे लोक दावा करतात ते या एका ओळीसाठी करतात. ऑपरेशन बिघडलं तर दुसऱ्या दिवशी कुणीतरी समोर बसून काय झालं ते सांगितलं असतं, तर मी तरी वकिलाकडे गेले नसते. आम्ही त्या हॉस्पिटलला नंतर तीन पत्रं लिहिली होती, केसच्या आधी, फक्त काय झालं ते सांगा म्हणून. उत्तर आलं नाही.

आता डाव्या डोळ्याचं. त्यातही मोतीबिंदू होता, तेव्हा कमी होता, आता वाढलाय. वर्षभर बाबांनी विषयच काढू दिला नाही आणि मी पण जोर केला नाही, कोणत्या तोंडाने करणार. पण हल्ली संध्याकाळी त्यांना पायऱ्या दिसत नाहीत, मी मागे एकदा त्यांना कठडा चाचपताना बघितलं आणि ते मला बघून हात काढून उभे राहिले. आई त्याच रात्री म्हणाली, "अहो, मला तुमचा हात धरायला काही नाही हो, पण मी नसले तर."

नवीन डॉक्टरांकडे गेलो. बाबांनी बसल्या बसल्या विचारलं, त्या गेलेल्या डोळ्यामुळे याला काही होऊ शकतं का. व्हिटेकरबाईंचा प्रश्न. मी त्यांना ती केस कधी सांगितलीही नव्हती. डॉक्टरांनी प्रश्न टाळला नाही, होऊ शकतं पण फार क्वचित, आणि कशावरून ओळखायचं ते सांगितलं, आणि या डोळ्यालाही इन्फेक्शनचा धोका शून्य नाही हेही सांगितलं. मग बाबा म्हणाले, "रात्री दुखलं तर?" त्यांनी केस पेपर आमच्याकडे फिरवला, आमच्यासमोर वरच्या कोपऱ्यात लाल पेनाने लिहिलं, एकच डोळा, फोन आला तर वेळ न बघता लगेच बोलवायचं, आणि खाली सही केली. बाबांना वाचता येत नव्हतं म्हणून मी वाचून दाखवलं. त्यांनी मला परत वाचायला लावलं नाही.

पुढच्या गुरुवारची तारीख मिळालीय. आईने परवाच कागद आखून ठेवलाय, या वेळी पूर्ण पान, पट्टी घेऊन. वेळ, बोटं, दुखतंय का, फोन कुणी घेतला, काय म्हणाले. शेवटचा रकाना सगळ्यात रुंद ठेवलाय.